साखर २९२ आणि एक घाबरलेला बोका

मी प्राण्यांची डॉक्टर आहे आणि ही केस माझ्या हातून चुकता चुकता राहिली म्हणून लिहितेय.

नऊ वर्षांचा राखाडी बोका, खाणं कमी झालंय आणि वजन ३०० ग्रॅम उतरलंय म्हणून काकू घेऊन आलेल्या. तो दिवस नेमका गर्दीचा, बाहेर तीन कुत्री भुंकतायत, कॅरियर जमिनीवर, एक कुत्रं तर जाळीला नाक लावून वास घेत होतं. आत आल्यावर तो बाहेर यायलाच तयार नाही, मग पुढच्या छोट्या दारातून ओढून काढला, मान धरली, स्टीलच्या थंड टेबलावर दाबून धरला आणि रक्त घेतलं. फिस्कारत होता, बुबुळं पूर्ण मोठी झालेली, हार्ट रेट २४०. तोंड तर उघडूच दिलं नाही. साखर आली २९२.

मांजराची साखर साधारण १५० च्या आत असते. वजन उतरलंय, साखर एवढी, मी काकूंना म्हटलं डायबेटिस वाटतोय, इन्सुलिन सुरू करावं लागेल. त्या रडायलाच लागल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "पण डॉक्टर, पाणी तर रोजच्यासारखंच पितो हो, आणि शूचं भांडंही तेवढंच भरतं."

तिथे मी थांबले. साखर लघवीवाटे जाईल एवढी सतत वाढलेली असेल तर मांजर ढसाढसा पाणी पितं. आणि घाबरलेल्या मांजराची साखर तासाभरात ३०० च्या पुढेही जाऊ शकते, हे मला माहीत होतं, शिकलेलं होतं, पण त्या गडबडीत मी आकड्यावर विश्वास ठेवला, समोरच्या बोक्याकडे बघितलंच नाही. नॉर्मल मांजराला इन्सुलिन टोचलं तर साखर एकदम खाली जाऊन फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी फोन केला, म्हटलं काकू इन्सुलिन नको, आपण पुन्हा तपासू पण वेगळ्या पद्धतीने, फक्त तो नीट खात नाहीये तेव्हा फार दिवस थांबायचं नाही, आणि खाणं पूर्ण बंद केलं तर त्याच दिवशी आणायचा. कॅरियर माळ्यावरून काढून हॉलमध्ये उघडा ठेवायचा, आत त्यांची जुनी शाल, रोज थोडा खाऊ आतच. चौथ्या दिवशी तो आपणहून आत जाऊन झोपला. लघवी न शोषणारे मणी भांड्यात टाकून घरीच सॅम्पल घेतलं, त्यात साखर नव्हती. यायच्या आदल्या रात्री आणि निघायच्या अडीच तास आधी गॅबापेन्टिन, म्हणजे भीती कमी करणारं औषध, दिलं (डोस मी ठरवून दिलेला, किडनीचा त्रास असलेल्या मांजराला तो कमी लागतो, त्यामुळे कोणी मनाने देऊ नका प्लीज).

अपॉइंटमेंट दिवसातली शेवटची. कॅरियरवर टॉवेल, वेटिंगमध्ये न थांबता थेट आत, आणि कॅरियर जमिनीवर नाही, खुर्चीवर. दहा मिनिटं कोणीच काही केलं नाही, आम्ही नुसतं हळू आवाजात बोलत बसलो. मग वरचं झाकण काढलं, तो खालच्या अर्ध्या भागात शालीवरच बसून राहिला, डोक्यावर टॉवेल, मागच्या पायाच्या शिरेतून रक्त घेतलं तेव्हा पाय थोडा आखडला, बास. हार्ट रेट १८०, साखर ११८. फ्रुक्टोसामिन पण पाठवलं, त्यावरून मागच्या एक-दोन आठवड्यांतल्या साखरेचा अंदाज येतो, ते नॉर्मल आलं.

आणि तोंड उघडू दिलं त्याने! खालची मागची एक दाढ हिरडीजवळ विरघळायला लागलेली, मांजरांमध्ये हे खूप दिसतं आणि प्रचंड दुखतं. खाणं कमी होण्याचं कारण तिथे होतं, आणि पहिल्या दिवशी त्याला दाबून धरून मी ते झाकूनच टाकलेलं. भूल देऊन एक्स-रे काढला, दाढ काढली.

महिन्याने परत आला तेव्हा वजनासाठी त्याला बाहेरही काढलं नाही, रिकाम्या कॅरियरचं वजन फाईलवर लिहून ठेवलेलं, तेवढं वजा केलं. २०० ग्रॅम वाढलेला.