फळीवरचा व

निप्पोरी स्टेशनच्या पश्चिमेकडून बाहेर पडून चढ चढलं की पाच मिनिटांत यानाका लागतं आणि टोकियोचा गलका मागे पडतो. इथे पावलोपावली बौद्ध देवळं, ७० च्या वर. १६५७ च्या आगीत एदो, म्हणजे तेव्हाचं टोकियो, जळालं, त्यानंतर बरीचशी इकडे आली. त्यांतलं एक, गल्लीच्या टोकाचं, माझं. माझं म्हणजे काय, तर तिथे मला कुणी हटकत नाही.

पायरी चढताना हात अजूनही घंटेसाठी वर जातो. घंटा आहे, पण अंगणात, स्वतंत्र छपराखाली, ओंडक्यानं वाजवायची. ३१ डिसेंबरच्या रात्री १०८ टोल. एरवी देऊळ गप्प, गाभाऱ्याचं दार ओढलेलं. पेटीत भोकाचं ५ येनचं नाणं टाकायचं, कारण ‘गो-एन’ म्हणजे ५ येन आणि ‘गोएन’ म्हणजे ऋणानुबंधही. मग नुसते हात जोडायचे. टाळ्या शिंतो देवळात वाजवतात, हे ठाऊक नव्हतं तेव्हा मी इथे दोन सणसणीत वाजवल्या होत्या. अंगण झाडणाऱ्या आजोबांचा खराटा क्षणभर थांबला, पुन्हा सुरू झाला. बस्स.

मी जाते ती खरं तर मागच्या थडग्यांपाशी. प्रत्येकामागे उंच, अरुंद लाकडी फळ्या उभ्या असतात, वारा आला की खडखडतात. त्यांना ‘सोतोबा’ म्हणतात. आपल्या ‘स्तूप’चंच हे रूप. शेंड्याशी खाचा पाडून पाच आकार काढलेले, पंचमहाभूतांचे. त्यांवर शाईनं पाच अक्षरं, वरून खाली: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. लिपी सिद्धम्, देवनागरीची चुलतबहीण. कुंचल्यानं लिहिलेली असल्यामुळे बाकीची मला लागत नाहीत, पण व मात्र लख्ख व.

परवा हिगान होतं, सप्टेंबरातल्या विषुवदिनाचा आठवडा. आपला पितृपंधरवडाही साधारण याच सुमारास येतो. एक आजी लाकडी पळीनं थडग्यावर पाणी घालत होत्या. मी फळीकडे टक लावून पाहतेय हे बघून त्यांनी विचारलं, “वाचता येतं?”

“एकच,” मी बोट ठेवलं, “हे पाण्याचं.”

“अस्सं? साठ वर्षं येतेय मी. वाटायचं, नक्षी आहे.” त्यांनी वाकून ते अक्षर जवळून पाहिलं, मग बादलीतली उरलेली पळीभर माझ्या हातात दिली.