फुकटचं पौष्टिक

दोन चादर कारखानदारांची आणि एका किराणा दुकानाची वही मी लिहितो. वही ही नुसती म्हणायची, सगळं लॅपटॉपवर असतं. हा लॅपटॉप म्हातारा झाला होता. सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, पिऊन कप विसळून ठेवायचा, तेव्हा कुठे पडद्यावर काहीतरी हलायचं. त्यात आतल्या विंडोज १० सिस्टीमचे नेहमीचे अपडेट २०२५च्या ऑक्टोबरात बंद झाले. नवी आवृत्ती या यंत्राला झेपणारी नव्हती. दुरुस्तीवाला म्हणाला, काका, आता नवीनच घ्या.

लेक पुण्याहून सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला आली होती. तिने घेऊ दिला नाही. पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणाली, "बाबा, यात लिनक्स मिंट आहे, विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम. आधी नुसतं बघा. आवडलं तर टाकू."

ही सोय मला फार आवडली. दुकानात साडीचा पदर खांद्यावर टाकून आरशात बघावं तसं. अख्खी सिस्टीम पेन ड्राइव्हवरून चालते, हार्ड डिस्कला हात लागत नाही. पटलं नाही तर पेन ड्राइव्ह काढायचा, की आपला जुना संसार जिथल्या तिथे. मी तासभर इकडेतिकडे टिचक्या मारल्या. चार जीबी रॅमचा तोच लॅपटॉप, पण अंगात वारं शिरल्यासारखा पळत होता. जुन्या फायली दुसरीकडे काढून ठेवल्या आणि लेकीला म्हटलं, टाक.

चौथ्याच दिवशी लाइट गेली. बॅटरी कधीच मेलेली, लॅपटॉप जागच्या जागी विझला. मी देवाचं नाव घेतलं. लाइट आल्यावर बटण दाबलं तर दोन-चार ओळी सरसर वर गेल्या आणि सगळं होतं तसं समोर. शेवटच्या पाच-सहा नोंदी तेवढ्या पुन्हा कराव्या लागल्या. लेकीने फोनवर सांगितलं, यात फायली ठेवण्याची जी पद्धत आहे, ईएक्सटी४, ती फायलींच्या मांडणीत बदल करण्याआधी त्याचं टाचण जर्नल नावाच्या जागी करून ठेवते. मध्येच वीज गेली तर उठल्यावर आधी ती टाचणं वाचते आणि अर्धवट राहिलेलं मार्गी लावते. मी म्हटलं, अगं हा तर रोजमेळ! माझे वडील पेढीवर दिवाणजी होते. आधी रोजमेळ, मग खतावणी, हे त्यांनी मला कान धरून शिकवलं होतं.

सगळंच गोडगोड नाही, हेही सांगतो. व्यापारी ज्याच्यावर हिशेब ठेवतात ते सॉफ्टवेअर यात सरळ चालत नाही. त्यासाठी अजून दुकानातल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसावं लागतं. घरी लिब्रेऑफिसच्या तक्त्यात भागवतो. प्रिंटर लावल्या लावल्या चालला, त्याच यंत्रातला स्कॅनर मात्र रुसला तो रुसलाच. आता कागदाचा फोनने फोटो काढतो.

पण खरी परीक्षा घेतली अण्णांनी. अण्णा शहराच्या पूर्व भागातले, चादरीचे जुने कारखानदार. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, सुताच्या व्यापाऱ्याशी कन्नड, आणि रागावले की तिन्ही. बिलं घेऊन आले आणि पडदा वेगळा दिसला म्हणून चौकशी सुरू झाली.

"कितीला पडलं?"

"फुकट."

"फुकट देतंय म्हणता, मग त्या माणसाचं पोट कसं चालतंय ओ?"

मी सांगितलं. लिनस टोरवाल्ड्स नावाचा फिनलंडचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी, १९९१च्या ऑगस्टमध्ये त्याने जाहीर केलं की छंद म्हणून एक सिस्टीम लिहितोय. पुढे जगभरच्या लोकांनी हात लावला. आज मोठमोठ्या कंपन्या पगार देऊन त्यावर माणसं बसवतात, कारण त्यांचा स्वतःचाच गाडा त्यावर चालतो. अण्णा, तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनसुद्धा आतून लिनक्सच्याच गाभ्यावर उभा आहे. जगातले सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणक २०१७पासून झाडून सगळे लिनक्सवर आहेत.

अण्णांनी खिशातून फोन काढून उलटसुलट बघितला.

मग मी चूक केली. ही सिस्टीम नुसती फुकट नाही, मुक्तही आहे; मुक्त म्हणजे काय, ते त्यांच्याच धंद्यातून समजवायला गेलो. म्हटलं, नक्षीच्या जॅकार्ड मागाला तुम्ही भोकं पाडलेले पुठ्ठे लावता. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, त्यातून मोर उमटतो. इतर लोक नुसती चादर विकतात. हे लोक चादरीबरोबर पुठ्ठेही देतात, म्हणजे सिस्टीम ज्यातून बनते ते मूळ लिखाण. तुम्ही मोराची शेपटी बदला, चादर विका, पैसे घ्या, कुणाची ना नाही. अट एकच, ज्याला चादर द्याल त्याला बदललेले पुठ्ठेही द्यायचे आणि पुढे बदलायची मोकळीकही.

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या माणसाची नवी नक्षी आठ दिवसांत दुसऱ्याच्या मागावर चढते, त्याला मी हे सांगत होतो! "हे तर चोरीला पायघड्या घालणं झालं," म्हणाले. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोन्हींना एकच 'फ्री' आहे, त्यामुळे तिकडे मोठा घोळ होतो म्हणे. आपल्याकडे दोन वेगळे शब्द असून अण्णांना एकही पटला नाही. आणि नक्षीपुरतं बोलायचं तर मलाही त्यांना उत्तर देता आलं नाही.

विषय बदलायला मी कीबोर्ड दाखवला. मी इनस्क्रिप्टने टाइप करतो, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. १९८६चा हा सरकारी आराखडा बहुतेक भारतीय लिप्यांना एकच आहे, आणि मिंटमध्ये त्या यादीतून नुसत्या निवडायच्या. मी एम, ए, एन, ई, एच, टी, जे दाबलं. सोलापूर. मग कोपऱ्यातून तेलुगू निवडली आणि अण्णांचं बोट धरून तीच सात बटणं त्याच क्रमाने दाबायला लावली. अण्णा तेलुगू पेपर रोज वाचतात, पण लिहिणं शाळेनंतर सुटलेलं. पडद्याकडे वाकून बघत म्हणाले, "शेवटचा र मोडा की. आमच्यात पाय मोडावा लागतो." डी दाबून र चा पाय मोडला. अण्णा बराच वेळ त्या एका शब्दाकडे बघत राहिले. चहा थंड झाला.

दुसऱ्या दिवशी नातवाला पेन ड्राइव्ह न्यायला पाठवलं. सोबत एक चादर. फुकट नको, असा निरोप.

काल त्यांचा फोन आला. सिस्टीम चढली, पण वायफाय सापडत नाही ओ. म्हटलं, रविवारी येतो. नेटची वायर पिशवीत टाकून ठेवली आहे.