टिक थांबल्यावरची अचूकता: बागेतील लॅपटॉपची प्रगती-नोंद

मोर्शी तालुक्यातील आमच्या संत्राबागेत, विहिरीजवळच्या मोटारघरात, एक जुना दोन कोअरचा लॅपटॉप सौर पॅनेल आणि बॅटरीवर लिनक्स चालवतो. आंबिया बहाराचा ताण तोडून ओलीत सुरू केल्यापासून त्याच्याकडे दोन कामे आहेत. मातीतील ओल आणि तापमान तो दर मिनिटाला टिपतो. शिवाय मोटार चालू असताना दर दहा मिनिटांनी एक सेकंदभर तिन्ही फेजच्या करंटची लहर मोजतो. पहिल्या कामाला सेकंदभराचा उशीर सहज खपतो, दुसऱ्याला एक मिलिसेकंदही खपत नाही. या महिन्यातील सगळी खटपट ही दोन कामे एकाच बॅटरीवर एकत्र नांदावीत यासाठी होती.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. दर मिलिसेकंदाला एक नमुना घेतला, तर एका आवर्तनात २० बिंदू मिळतात आणि लहरीचा आकार स्पष्ट होतो. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल; त्याच्या जुन्या २.४ मालिकेवर हे जमलेच नसते. तेथे एक्स८६ (इंटेल-पद्धतीच्या) यंत्रांवर टिक, म्हणजे कर्नलला ठरावीक काळाने उठवणारा घड्याळाचा ठोका, सेकंदाला १०० वेळा पडत असे आणि सामान्य प्रोग्रामला १० मिलिसेकंदांहून बारीक डुलकी मागता येत नसे. २.६ मध्ये ही संख्या १००० झाली, परंतु काम नसतानाही प्रोसेसरला सेकंदाला हजारदा उठवणे परवडेना, म्हणून २००५ मध्ये २.६.१३ ने २५० हे मूळ मूल्य ठरवले. टिक बारीक करून अचूकता मिळवण्याचा मार्ग येथे संपला, असे मला वाटते.

पुढचा मार्ग थॉमस ग्लाइक्स्नर आणि इंगो मोल्नार या कर्नल-विकासकांच्या कामातून आला. एचआरटायमर या बारीक वेळ मोजणाऱ्या टायमरांची चौकट २००६ मध्ये २.६.१६ मध्ये दाखल झाली, पण खरी उच्च अचूकता आणि रिकाम्या वेळी टिक बंद ठेवण्याची सोय ३२-बिट एक्स८६ साठी २००७ च्या २.६.२१ मध्ये बरोबरच आली. दोन्हींचा पाया एकच आहे: ठरावीक ठोके मोजत बसण्याऐवजी कर्नल हार्डवेअरला पुढच्या कामाची नेमकी वेळ सांगतो आणि तोवर झोपतो. या विषयातील मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

कर्नल झोपायला तयार होता, माझा प्रोग्राम झोपू देत नव्हता. ओलीचे एक वाचन घेण्यासाठी तो दर १० मिलिसेकंदांनी घड्याळ पाहत असे, म्हणजे मिनिटाला ६००० वेळा उठत असे. आता तो पुढच्या मिनिटाची निरपेक्ष वेळ सांगून झोपतो. ओल आणि तापमान टिपणाऱ्या दोन्ही प्रोग्रामांचा टायमर स्लॅक (जाग येण्यात चालणारी दिरंगाई) मूळच्या ५० मायक्रोसेकंदांवरून एक सेकंदावर नेला, त्यामुळे कर्नलला त्यांना एकाच वेळी उठवता येते.

त्यानंतर दुसरी अडचण आली. प्रोसेसर सी३ या गाढ झोपेच्या अवस्थेत जाऊ लागला आणि लहरीचे नमुने अडखळू लागले, कारण या पिढीच्या प्रोसेसरमध्ये सी३ मध्ये लोकल एपिक टायमर, म्हणजे प्रोसेसरचा स्वतःचा टायमरच, थांबतो. मग एचपीईटी या प्रोसेसरबाहेरच्या टायमरकडून जाग आणावी लागते आणि बाहेर येण्याचा वेळही त्यात भर घालतो. यावर उपाय म्हणजे सीपीयू_डीएमए_लेटन्सी ही डिव्हाइस फाइल: तिच्यात खपणारा विलंब मायक्रोसेकंदांत लिहायचा आणि ती उघडी ठेवायची, म्हणजे त्याहून गाढ अवस्था टाळल्या जातात. मी ती प्रोग्राम सुरू होतानाच उघडली होती. रात्रभर प्रोसेसर गाढ झोपलाच नाही आणि पहाटेपूर्वी बॅटरी उतरली. आता फाइल मोजणीच्या त्या एका सेकंदापुरतीच उघडतो आणि लगेच बंद करतो.

समांतर पोर्टवरील एडीसी ०८०८ ला (मोजलेल्या लहरीचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या चिपला) एका रूपांतरास साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे तिन्ही फेज एका मिलिसेकंदात आरामात बसतात. लागोपाठच्या दोन फेजच्या वाचनांत पडणारे अंतर ५० हर्ट्झवर जेमतेम १.८ अंशांचे असते, ते मी गणितात वजा करतो. मंगळवारी पहाटे, रात्रपाळीच्या विजेवर मोटार चालू असताना, तिन्ही लहरी सहा-सात नमुन्यांच्या अंतराने एकामागोमाग, कुठेही न तुटता नोंदल्या गेल्या आणि सूर्य उगवला तेव्हा बॅटरीत चार्ज शिल्लक होता. वायफाय डोंगलचा ड्रायव्हर अजून प्रोसेसरला विनाकारण उठवतो. पुढील नोंद त्याच्याविषयी असेल.