तंबोऱ्यापाशी बसायची वेळ: तुम्ही विचारलंत म्हणून

"देवळात जात नाही, उपास नाही, घरात देव्हारा नाही. मग तुमचं अध्यात्म असतं तरी कुठे?" हा प्रश्न बहुतेक वेळा जेवणं आटोपल्यावर, बडीशेप चघळताना येतो. "निसर्गात आणि संगीतात" एवढं म्हटलं की विचारणारा मान डोलावतो आणि विषय बदलतो. खरं सांगायचं तर ते उत्तर मलाही पोकळच वाटतं. कुठे बसायचं, किती वाजता, कशासमोर, हे सांगितलं नाही तर ते कॅलेंडरवरच्या सुविचारासारखं होतं. म्हणून जरा सविस्तर.

सूर्योदयाआधी पाऊण तास तंबोरा, म्हणजे गाण्यामागे सतत सूर धरणारं चार तारांचं वाद्य, घेऊन बसायचं. पुण्याच्या हिशेबाने मे महिन्यात सव्वापाच, जानेवारीत सव्वासहाच्या पुढे. जागा उघड्या खिडकीच्या आत, गच्चीवर नाही. गच्चीवर दव पडतं, आणि दव हा तंबोऱ्याच्या भोपळ्याचा आणि त्यावरच्या लाकडी तबलीचा वैरी. शिवाय आतल्या उबेतून तंबोरा एकदम गारव्यात नेला की तारा आखडतात आणि स्वर चढतो. खिडकी उघडून पंधरा मिनिटं तो तसाच ठेवावा, मग हात लावावा.

आधी फ्रिज बंद करा. हसू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे फ्रिजचा आणि कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचा गुंजारव १०० हर्ट्झच्या आसपास असतो. षड्ज, म्हणजे 'सा', १४० हर्ट्झचा धरला तर मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला 'प', येतो १०५ वर. हे दोघे शेजारी शेजारी बसून इतके भांडतात की पंचम कितीही मिळवला तरी तो लागल्यासारखा वाटत नाही.

आता जुळवणी. या सगळ्यातला खरा भाग हाच, आणि लोक नेमका हाच घाईत उरकतात. आधी जोडीच्या, म्हणजे एकाच 'सा'ला मिळवायच्या, मधल्या दोन तारा. एक १४० आणि दुसरी १४१ असेल, तर आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. खुंटीने जवळ आणायचं, मग तारेतला छोटा मणी सरकवून ते फुगणं लांबवत न्यायचं: दोन सेकंदांनी एकदा, पाच सेकंदांनी एकदा, आणि शेवटी नाहीच. मग खर्ज, म्हणजे खालचा 'सा', ७० वर. पंचम सगळ्यांत शेवटी. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, तेव्हा जोर लावू नका, दांडीचं भोक चिरतं. उन्हाळ्यात त्याच खुंट्या सुकून घसरतात. त्यांना थोडा खडू लावला की धरतात.

त्यानंतर दोरा. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला किंचित उतार असतो आणि तार त्याला घासत घासत हलते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा असतो, तो केसभर सरकवायचा. एका बाजूला जास्त गेला की आवाज बोथट, दुसऱ्या बाजूला गेला की नुसती झणझण. मधे एक जागा अशी येते की तार उघडते, आवाज खुलतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा आणि तंबोऱ्यावर लिहिताना हेच नोंदवलं: तार छेडली की मूळ स्वरासोबत वरचे उपस्वरही उमटतात; जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू (न हलणारी जागा) पडतो, ते नियमाने उमटायला नकोत, पण या वाद्यांत ते ठणठणीत ऐकू येतात. करामत त्या घोडीची. घोडी घासून जवारी काढायचं, म्हणजे तारेचा तो झंकार जमवायचं, काम मात्र घरी करू नये. मिरजेच्या कारागिराकडे द्यावं. तिथल्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण कारागिराचा कान त्याच्या कितीतरी आधीपासूनचा.

सगळं जमलं की खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे 'ग', येतो. खर्जाच्या पाचपट, म्हणजे ३५० हर्ट्झवर. तो कोणी छेडलेला नसतो, त्याची तार तंबोऱ्याला नाहीच. गवय्ये त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. शब्द देवळातला, पिंडीला लावतात तोच, आणि मला तो इथे जास्त पटतो. चार तारा नीट मिळवणं एवढंच आपल्या हातात. गंधार मागून मिळत नाही, आणि एक तार जरी ढळली तरी निघून जातो. माझ्या लेखी अध्यात्म ते हेच.

मग वीस मिनिटं नुसतं छेडत राहायचं. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने, नखाचा स्पर्श न होऊ देता. ताल धरायचा नाही. गायचंच असेल तर मंद्र षड्ज, आकारात म्हणजे नुसत्या 'आ'वर, हळू. हनुवटी छातीला टेकवून खाली उतरायला गेलात तर गळा धरतो.

एव्हाना बाहेर दयाळ पक्षी सुरू झालेला असतो. मार्चपासून पावसापर्यंत बहुधा तोच पहिला. मग भारद्वाजाचं खोल हूप-हूप, उजाडल्यावर तांबटाची टुकटुक. दयाळाची शीळ सरगमीत बसवायला जाऊ नका, तो तुमच्या षड्जाला बांधलेला नाही. नावंही नंतर. ओळखत बसलं की ऐकणं थांबतं.

जंगलात वाद्य नको, ब्लूटूथ स्पीकर तर नकोच नको. पावसाळ्यात आंबोलीला किंवा भीमाशंकरला ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर हा पक्षी गातो, तिथे गप्प बसणं एवढंच काम. देवराईत शिरताना मात्र चपला बाहेर. देव मानत नसलो तरी. तिथली काटकीसुद्धा उचलायची नाही, ही रीत पाळणाऱ्यांनी ती झाडं राखली, माझ्यासारख्यांनी नव्हे.

"फोनवरचा तंबोरा चालेल का?" हा पुढचा प्रश्न. सुरुवातीला चालेल. पण फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून ७० हर्ट्झचा मूळ खर्ज जवळपास येतच नाही, आणि इअरफोन लावलेत तर दयाळ गेला. बरा स्पीकर घ्या, आवाज पक्ष्यांच्या खाली ठेवा. पुढे खरा तंबोरा घेतलात तर दोरा सुताचाच वापरा. झिजून चपटा झाला की बदला, नाहीतर महिनाभर खुंट्या पिळत बसाल आणि दोष तारेला द्याल.