लेकीची गाठ आणि गुलाबी सिरम

वीस वर्षं मी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते आहे. पंधरा वर्षांच्या लेकीच्या मानेत गाठ हाताला लागली, तेव्हा तो सगळा अनुभव गळून पडला. सासूबाई म्हणाल्या, "अवधाण असेल गं, घसा दुखतोय ना तिचा." मी कुठली ऐकतेय? घरीच रक्त काढलं. हात कापत होता, शीर दोनदा चुकली.

एलडीएच, म्हणजे पेशींमधलं एक एन्झाइम, ५१२. आमच्या मशीनवर २५० च्या पुढे गेला की लाल अक्षरांत येतो. लिम्फोमात, म्हणजे लिम्फ गाठींच्या कॅन्सरमध्ये, तो वाढतो, एवढंच डोक्यात. ट्यूबकडे नीट बघायला तासभर लागला. सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्ताच्या वरचा पातळ द्रव, गुलाबी! तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलाच एलडीएच बाहेर येतो. नव्या मुलांना मीच शिकवते हे. दुसरा नमुना नीट काढला, तर ३१०.

म्हणजे वाढलेला होताच. मग स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, स्वतः पाहिला. मोठाल्या, कडेला निळसर, शेजारच्या तांबड्या पेशींना बिलगलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशी. विषाणूच्या संसर्गात अशा दिसतात. ईबीव्ही या घसा आणि गाठी सुजवणाऱ्या विषाणूची सुरुवातीची अँटीबॉडी, व्हीसीए आयजीएम, पॉझिटिव्ह; उशिरा येणारी ईबीएनए निगेटिव्ह, म्हणजे संसर्ग ताजा. लिव्हरचं एन्झाइम एसजीपीटी थोडं चढलेलं. या विषाणूच्या तापातही एलडीएच वाढतो. ईएसआर आणि फेरिटिन हे शरीरातल्या दाहाचे आकडे तर कशानेही वाढतात.

डॉक्टरबाईंनी माझी फाइल बाजूला सारली. आधी कॉलरबोनच्या वरचा खळगा चाचपला, मग काखा, जांघा, पानथरी. छातीचा एक्स-रे काढून घेतला. मी विचारलं, "टार्क करूया का?" हॉजकिन या लिम्फोमाच्या पेशी हे प्रथिन भरपूर सोडतात. बाई म्हणाल्या, "हिच्या कोपरात एक्झिमा आहे ना? त्यानेही वाढेल. मग रात्रभर जागाल." खरं होतं.

पुढचं त्यांनी शांतपणे सांगितलं. गाठ कॉलरबोनच्या वर असती, तर सगळं रक्त नॉर्मल असूनही अख्खी गाठ काढून बायोप्सीला पाठवली असती. नुसती सुई नाही, कारण हॉजकिनमध्ये खऱ्या रोगट पेशी मोजक्याच असतात आणि सुईतून निसटतात. तोवर स्टेरॉइडही द्यायचं नाही, चित्र झाकलं जातं.

चार आठवडे थांबायचं ठरलं. वजन, ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम यांवर लक्ष. मोजमाप फक्त रविवारी, रोज चाचपायचं नाही. अडीच सेंटीमीटरची गाठ चौथ्या रविवारी सव्वा भरली. मधल्या वारी माझा हात मानेकडे गेला की लेक फटका मारायची.