तुम्ही विचारलंत म्हणून : फोन हातात असताना हे भंगार कशाला?

"मॅडम, जीपीएस तर फोनमध्ये आहेच. मग हे जुने तुकडे का गोळा करता?" क्लासमधली मुलं विचारतात, शेजारच्या काकू विचारतात. रामबागेत माहेरी गेले की आईही विचारते, पण तिला खरं तर टेबल कधी आवरणार हे विचारायचं असतं. जिन्यात उभ्या उभ्या मी "छंद आहे" म्हणून सुटते. तुम्ही नीट बसून विचारलंत, तर नीट सांगते. हे तुकडे म्हणजे जुन्या यंत्रांतून काढलेली जीपीएस मॉड्यूलं, उपग्रहांचे सिग्नल ऐकणारे छोटे रिसीव्हर.

मी कुठे आहे हे मला ठाऊक आहे. इंदूरमध्ये, सुमारे 22.7 अंश उत्तर, 75.9 अंश पूर्व, तिसरा मजला. एवढ्यासाठी उपग्रहांना त्रास द्यायची गरज नाही. मला त्यांच्याकडून हवी असते ती वेळ.

प्रत्येक जीपीएस उपग्रहावर अणुघड्याळ असतं. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून तो सारखं सांगत असतो, मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजलेत. अगदी डोक्यावरच्या उपग्रहाचा निरोपसुद्धा खाली यायला 67 मिलिसेकंद घेतो. किती उशीर झाला ते मोजा, प्रकाशाच्या वेगानं गुणा, की अंतर मिळालं. पण उशीर मोजायला खालीही तितकंच पक्कं घड्याळ हवं, आणि आपल्या मॉड्यूलमध्ये असतो काही रुपयांचा क्वार्ट्झचा स्फटिक. एक नॅनोसेकंद चुकला तर अंतर 30 सेंटिमीटरनं चुकतं, एक मायक्रोसेकंद चुकला तर 300 मीटरनं. वर्गात मी इथे खडू खाली ठेवते आणि विचारते, आता काय करायचं? बहुतेक वेळा मागच्या बाकावरून उत्तर येतं, आपल्या घड्याळाची चूकही अज्ञातच धरायची. जागेची तीन अज्ञातं, चुकीचं चौथं, म्हणून चार उपग्रह. पाठ्यपुस्तकं हे एका ओळीत उरकतात. मला मात्र सगळ्या यंत्रणेतली हीच जागा सगळ्यात सुंदर वाटते. जागा शोधता शोधता त्या स्वस्तातल्या स्फटिकाला स्वतःची चूक कळते, तीही दर सेकंदाला.

ही सुधारलेली वेळ बाहेर काढता येते. बऱ्याच मॉड्यूलवर पीपीएस (पल्स पर सेकंड) नावाची एक पिन असते आणि तिच्यावर दर सेकंदाला एक ठोका पडतो. एका सेकंदाचे कोटी भाग केले, तर साध्या मॉड्यूलचा ठोका एखाद्या भागानं इकडेतिकडे होतो, चांगल्याचा त्याहूनही कमी. सीडीएमए या जुन्या मोबाइल तंत्राचे टॉवर याच वेळेवर एकमेकांशी जुळवून घेत. ती सेवा बंद पडत गेली तशी त्यांच्यातली खास वेळेसाठी बनवलेली मॉड्यूलं जगभरच्या भंगारात आली. ती आधी बराच वेळ स्वतःची जागा मोजत बसतात, मग ती पक्की धरून जागेचा विचारच सोडून देतात आणि त्यानंतर एकच उपग्रह दिसला तरी वेळ देत राहतात. असं एखादं हाती लागलं तर मी घासाघीस करत नाही.

माझा बहुतेक माल मात्र साधा आहे. महाराणी रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या मागे, पायऱ्यांखाली, खोक्यांतून मिळतो तो. बस-ट्रकमधून काढलेले जुने ट्रॅकर त्यात असतात. सार्वजनिक वाहनांना एआयएस 140 या सरकारी मानकाचे ट्रॅकर सक्तीचे झाले आणि आधीचे निरुपयोगी ठरले. डबी उघडली की आत सिमकार्डचा मोडेम आणि त्याच्या शेजारी पत्र्याच्या झाकणाखाली जीपीएस. मोडेम कुणी विचारत नाही, पण जीपीएस बहुधा ठणठणीत असतं.

एकदा दुकानदारानं एक तुकडा बाजूला सारला. "ये मत लो मॅडम, इसकी तारीख बिगड़ी हुई है." मी तोच आधी उचलला. तास, मिनिटं, सेकंद अचूक. वारसुद्धा बरोबर. तारीख मात्र साडेएकोणीस वर्षांहून थोडी जास्त मागची. वार बरोबर आहे म्हटल्यावर निदान तिथेच झालं, चूक पूर्ण आठवड्यांची आहे. जीपीएसच्या मूळ संदेशात तारीख नसतेच. 6 जानेवारी 1980 पासून कितवा आठवडा चालू आहे, एवढाच आकडा असतो आणि त्याला जागा दिली आहे दहा बिटांची. म्हणजे 0 ते 1023, आणि पुन्हा 0. हे चक्र ऑगस्ट 1999 मध्ये एकदा पूर्ण झालं, एप्रिल 2019 मध्ये दुसऱ्यांदा. आता नोव्हेंबर 2038 मध्ये होईल. सध्या कितवं चक्र चालू आहे हे मॉड्यूलच्या आतल्या प्रोग्रॅमनं ठरवायचं असतं. काही बनवणारे प्रोग्रॅम लिहिल्याच्या दिवसापासून 1024 आठवडे मोजतात, त्यामुळे त्यांची मॉड्यूलं 2019 ची वाट न बघता भलत्याच दिवशी मागे उडी मारतात. उपाय सोपा आहे, आलेल्या तारखेत 7,168 दिवस मिळवायचे. हे सगळं मी त्या दुकानदाराला हौसेनं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मेरे ग्राहक को आप थोड़ी समझाने आओगी?" बिघडलेल्या तारखेचा माल तेव्हापासून मला कमी भावात मिळतो.

आता आपल्या गावाची गोष्ट, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. इंदूरच्या आकाशाखाली साध्या रिसीव्हरचं काम अवघडच असतं. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. केरळातल्या थुंबाला रॉकेट केंद्र झालं ते त्याचमुळे. दिवसा तिथल्या आयनांबरातले, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले, इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना उतरतात. उत्तरेकडे ते साचतात नेमके आपल्या पट्ट्यावर, भोपाळ, इंदूर, अहमदाबादच्या माथ्यावर. या थरातून येताना सिग्नलला उशीर होतो आणि रिसीव्हरला वाटतं उपग्रह लांब आहे. उपग्रह स्वतःच दुरुस्तीचे आठ आकडे पाठवतात, पण त्यांनी साधारण निम्मीच चूक भरून निघते. गच्चीत अँटेना न हलवता दिवसभराचे ठिपके कागदावर काढले, तर पहाटेचे जवळजवळ पडतात आणि दुपारचे पांगतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्यावर डागांची गर्दी असेल तर, संध्याकाळनंतर काही उपग्रहांचा जोर एकाएकी नाचायला लागतो, तारे लुकलुकतात तसा. जीपीएसच्या चुकांची दुरुस्ती उपग्रहांवरून पाठवणाऱ्या आपल्या भारतीय गगन यंत्रणेला विमानांसाठी याच आयनांबराशी झगडावं लागलं. तिचे उपग्रह काही जुनी मॉड्यूलंही ओळखतात. मॉड्यूलनं दिलेल्या उपग्रहांच्या यादीत 40 किंवा 41 क्रमांक दिसला की समजायचं, गगन बोलतंय.

फोन यातलं काही दाखवत नाही असं म्हटलं तर तो अन्याय होईल. अँड्रॉइड 7 पासून कित्येक फोन कच्ची मोजमापंही देतात आणि नव्या फोनची अचूकता माझ्या खोक्यातल्या कशालाही हरवेल. पण फोन नेटवरून उपग्रहांची माहिती आधीच मागवतो, ठिपके गुळगुळीत करून रस्त्यावर बसवतो, आणि त्याला पीपीएसची तार नसते. रस्ता शोधायला मीही फोनच वापरते.

तुम्हाला करून बघायचं असेल तर मॉड्यूल संगणकाला जोडणारा यूएसबी ते टीटीएल कनव्हर्टर घ्या आणि चार तारा जोडा. व्होल्टेज आधी तपासा, उघडं मॉड्यूल बहुतेकदा 3.3 व्होल्टचं असतं आणि 5 व्होल्टनं मरतं. पडद्यावर अगम्य अक्षरं आली तर संगणकावर ठरवलेला संदेशाचा वेग (बॉड रेट) बदला, 9600 नाहीतर 4800. मॉड्यूल वेळ आणि जागा ज्या ओळीत सांगतं त्या आरएमसीच्या ओळीत वेळेनंतर 'व्ही' असेल तोवर त्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. 'ए' आला की ठेवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मॉड्यूलला आकाशाचा अंदाज नसतो. उपग्रह माहिती पाठवतात सेकंदाला 50 बिटांच्या वेगानं आणि सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. तेव्हा खिडकीत नको, गच्चीत ठेवा, पाण्याच्या टाकीपासून लांब, आणि अर्धा तास त्याला हात लावू नका. सिग्नलच्या जोराचे आकडे चाळिशीत गेले तर सगळं बरं आहे. तिशीच्या आसपास अडकले, तर आधी अँटेनाची तार बदलून बघा, मॉड्यूलला नावं नंतर ठेवा.