अनुक्रमांक 19 समोरचा संवाद

नागपुरातील सिव्हिल लाइन्स भागातल्या एका लहान कलादालनात प्रदर्शनांचे संयोजन करणे आणि कलावंतांशी जाहीर संवाद साधणे हे माझे काम आहे. ओळख आणि आपलेपणा या विषयावर अलीकडे पुष्कळ प्रदर्शने होतात. अशा बहुतेक संवादांत कलावंत आपली वेदना मांडतो, श्रोते सहानुभूतीने ऐकतात आणि त्या वेदनेमुळे ज्याच्या वाट्यावर परिणाम होतो असा माणूस दालनात नसतोच. त्या रविवारी तो होता, म्हणून त्या दिवसाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

ज्यांचे प्रदर्शन होते त्या ताई जुन्या नागपुरातील तांडापेठ भागात, विणकर कुटुंबात वाढल्या. 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून गिरणीच्या कापडाशी झुंजत आलेल्या हातमागांपैकी एक त्यांच्या घरात त्यांच्या लहानपणापर्यंत टिकून होता. वडिलांच्या मागे तो मोडीत निघणार होता. ताईंनी तो ठेवून घेतला आणि त्याच मागावर मुख्य कलाकृती विणली. नऊ वार लांबीच्या या पटात ताणा, म्हणजे उभे धागे, साध्या सुताचा आहे आणि बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, जागी कागदाच्या अरुंद पट्ट्या आहेत. शाळा सोडल्याचे दाखले, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचे उतारे, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी असलेल्या कोतवाल बुकाच्या नकला, प्रतिज्ञापत्रे अशा घरातल्या कागदांच्या छायाप्रती कापून त्या पट्ट्या केलेल्या आहेत. जवळ गेल्यावर एखादे अक्षर, एखादा शिक्का, एखाद्या सहीचा शेपटासारखा फराटा दिसतो, पण सलग वाचता काहीच येत नाही. शेवटच्या दीड हातात बाणा नाही. तिथे नुसते उभे धागे आहेत. कलाकृतीचे नाव ‘अनुक्रमांक 19’.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत या क्रमांकावर ‘हलबा, हलबी’ अशी नोंद आहे. पूर्वी विदर्भात ती ठरावीक डोंगराळ आणि जंगली तालुक्यांपुरतीच लागू होती. 1976 च्या दुरुस्ती कायद्याने ते क्षेत्रबंधन उठले आणि नागपूर शहरातल्या हलबा-कोष्टी विणकरांचा प्रश्न ऐरणीवर आला. आपण मूळचे हलबा आहोत आणि कोष्टी हा केवळ धंदा आहे, असे या समाजाचे म्हणणे. मात्र यादीतली नोंद जशी आहे तशीच वाचली पाहिजे, तिच्यात एखादी जात समाविष्ट आहे की नाही याची चौकशी करता येणार नाही आणि यादीत बदल करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 28 नोव्हेंबर 2000 रोजी दिला, म्हणजे हलबा-कोष्टींना जमातीच्या राखीव जागा नाकारल्या गेल्या. तोवर कायम झालेले प्रवेश आणि नेमणुका त्या निकालाने वाचवल्या. 6 जुलै 2017 च्या निकालाने तेही संरक्षण उरले नाही. ताईंचे धाकटे भाऊ आज सरकारी नोकरीत ‘अधिसंख्य पदावर’ आहेत, म्हणजे अकरा महिन्यांच्या मुदतीवर, सेवाज्येष्ठता गमावून. हे सर्व मी सुरुवातीलाच श्रोत्यांना सांगितले, कारण ते ठाऊक नसेल तर पटावरच्या कागदांना काही अर्थच उरत नाही.

ताई हळू आवाजात बोलत होत्या. घरच्या बोलीत त्या म्हणाल्या, “माह्या बापाले मागावर बसताना कोनी जात नाही इचारली. इचारलं ते सूत कितीचं हाय, एवढंच.” पुढे भावाच्या जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीच्या वेळी चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाने घरी येऊन कुलदैवत कोणते, लग्नात काय करता, मेलेल्याला पुरता की जाळता असे प्रश्न कसे विचारले आणि आईला काही केल्या उत्तरे कशी सुचेनात, तेही त्यांनी सांगितले. दालनात कोणी हलत नव्हते.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक विद्यार्थिनी उठली. ती गडचिरोली जिल्ह्यातून नागपुरात शिकायला आलेली होती आणि स्वतः हलबा होती. तिचे शब्द मी टिपून घेतले आहेत. “ताई, तुमच्या आईला जे सुचलं नाही, ते माझ्या आजीला झोपेत विचारलं तरी येतं. पण आमच्या गावात दहावीनंतर शाळा नाही, आणि आमच्या नावावरच्या जागा शहरात भरल्या गेल्या. या पटात तो कागद कुठे आहे?”

मागे कुजबुज सुरू झाली. एका गृहस्थांनी हे राजकारण इथे नको, चित्रांविषयी बोला, असे मला सुचवले. मी नम्रपणे नकार दिला. आपलेपणाचा प्रश्न भावनेपुरता असता तर प्रत्येकाला हवे तेवढे आपलेपण देता आले असते. परंतु ज्या प्रश्नाला मोजक्या जागा जोडलेल्या आहेत, त्यात एकाचे आत येणे दुसऱ्याच्या वाट्याला भिडते. हे बोलणे कलाकृतीबाहेरचे आहे असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

ताईंनी बराच वेळ घेतला. मग त्या उठून पटाच्या रिकाम्या टोकाशी गेल्या. त्या मुलीच्या बाजूने एक सोपे, सुंदर वाक्य त्यांना सहज बोलता आले असते, आणि दालनाने टाळ्याही वाजवल्या असत्या. त्या म्हणाल्या, “ही जागा तुझ्यासाठी ठेवली असं मी म्हणाले तर ते खोटं होईल. माझे कागद संपले, म्हणून ती तशी राहिली. तुझा कागद माझ्याकडे नाही, आणि तो मी विणला तर तीही चोरीच होईल. पण माझा बाप खोटारडा होता, हे मी मान्य करणार नाही.”

“मी तसं म्हटलेलं नाही,” ती मुलगी म्हणाली.

“नाही म्हटलंस. पण ऐकू तसंच येतं,” ताई म्हणाल्या, आणि तिला त्यांनी पटाजवळ बोलावले.

पुढचा अर्धा तास त्या दोघींचाच होता. पट्ट्यांवरच्या तारखा, 1950 पूर्वीच्या नोंदींत जातीच्या रकान्यात कोणी काय लिहिले, लिहिणारा गुरुजी की कोतवाल, ही एकेक गोष्ट ती मुलगी विचारत होती आणि ताई पट उलटून दाखवत होत्या. एकमत झाले नाही. मला संवादकाच्या खुर्चीवरून एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

निघताना त्या मुलीने पुढच्या रविवारी गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांना आपली बाजू याच दालनात मांडता येईल का, असे विचारले. निर्णय माझा होता, तरी मी ताईंकडे पाहिले. त्या दिवशी पट भिंतीवरून काढायचा नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली. ती मुलीने लगेच मान्य केली आणि मी कार्यक्रमाच्या वहीत तारीख लिहिली.